चष्मा कपाळावर चढवून बिलं वाचता, उत्तर तिथंच आहे

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत. नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्या अकाउंट्स बघतात. टॅली, एक्सेल, बँकेची स्टेटमेंट आणि जीएसटीचं पोर्टल यांत रोजचे आठ-नऊ तास जातात. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तर त्याहून जास्त. वर्षभरापासून दुपारी तीननंतर डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, लाल होतात. संध्याकाळी बसची पाटी अंधुक दिसते, रात्री कपाळ ठणकतं. कॉलेजपासून त्यांना लांबचा उणे सव्वाचा नंबर आहे. त्याच नंबरचा निळा प्रकाश अडवणारा चष्मा त्यांनी ऑनलाइन मागवला, तरी फरक नाही. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. ते घातले की डोळे तासाभरात पांढरे होतात आणि मग आधीपेक्षा लाल. मध्यंतरी एका एंट्रीत तीनचा आठ झाला. तेव्हापासून ‘मॅडमना आता दिसत नाही’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली आहे. मार्चनंतर अकाउंट्सची सगळी जबाबदारी घ्याल का, असं मालकांनी विचारलं आहे. त्यांचा कल नकार देऊन स्टोअर्समध्ये बदली मागण्याकडे आहे. त्या विचारतात, ‘संगणकानं माझे डोळे कायमचे जातील का? व्यायामानं नंबर जाईल का? की हे कामच सोडू?’

ताई,

पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात आणि मी तिथंच थांबले. ‘बिलं तपासताना चष्मा कपाळावर चढवते, तेव्हा बरं वाटतं.’ बाकी पत्रभर संगणकाची भीती आहे. या एका वाक्यात मात्र तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला काय हवं ते सांगून टाकलं आहे.

जवळचं बघायचं असलं की डोळ्यातला एक लहानसा स्नायू आकसतो, आतलं भिंग फुगतं आणि अक्षर स्पष्ट होतं. लहानपणी हे भिंग मऊ असतं. वय वाढत जातं तसं ते कडक होतं. चाळिशीच्या आसपास जवळचं वाचायला त्रास व्हायला लागतो तो त्यामुळं. संगणक वापरणाऱ्याला होतो आणि शेतात राबणाऱ्यालाही होतो. पूर्वी बायकांना तो सुईत दोरा ओवताना किंवा तांदूळ निवडताना कळायचा, तुम्हाला व्हाउचर तपासताना कळला, इतकाच फरक.

तुमचा नंबर उणे आहे, म्हणजे चष्म्याशिवाय तुम्हाला लांबचं अंधुक आणि जवळचं स्पष्ट दिसतं. उणे सव्वा नंबर असलेल्या डोळ्याला चष्मा न लावता साधारण ८० सेंटीमीटरवरचं काहीही ताण न देता दिसतं आणि त्याहून जवळचं थोडक्या ताणावर. तुमचा स्क्रीन बहुधा ६० सेंटीमीटरवर असेल आणि बिलं ३५ ते ४० वर. तुम्ही लांबचा चष्मा घालून बसता, तेव्हा निसर्गानं तुम्हाला दिलेली ही सवलत चष्मा काढून घेतो. मग त्या स्नायूला सगळं अंतर एकट्यानं भरून काढावं लागतं, तेही आठ-नऊ तास. भरलेली घागर दिवसभर कमरेवर घेऊन उभं राहिल्यासारखं आहे हे. घागर जड नसते, ती खाली ठेवायला मिळत नाही हा त्रास असतो. संध्याकाळी बसची पाटी अंधुक दिसते तीही बहुतेक यामुळंच. दिवसभर आवळून राहिलेला स्नायू लगेच सैल पडत नाही. थोड्या वेळानं पाटी स्पष्ट होते का, ते एकदा बघा आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा.

आता त्या ऑनलाइन चष्म्याबद्दल. तुम्ही त्यात जुनाच नंबर टाकलात, म्हणजे ओझं जसंच्या तसं राहिलं, वर फक्त काचेवर एक निळसर थर आला. त्या थराबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक नोकरदार माणसाच्या नाकावर हल्ली तो असतो. २०२३ साली, वैद्यकीय चाचण्या पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मुख्य संघटनाही स्क्रीनसाठी असे चष्मे सुचवत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली चष्म्याच्या एका मोठ्या साखळीला या काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ४०,००० पौंड दंड झाला होता. स्क्रीनमधून निळा प्रकाश येतो हे खरं आहे. पण ढगाळ दिवशी अंगणात उभं राहिलं तरी त्याच्या कितीतरी पट डोळ्यांत जातो. रात्री उशिरापर्यंत उजळ स्क्रीन बघितला तर झोप लांबू शकते, त्यासाठी स्क्रीन बाजूला ठेवणं हा बिनपैशाचा उपाय आहे. घेतलेला चष्मा फेकून देऊ नका, बाहेर जाताना लांबचा चष्मा म्हणून तो चांगलाच आहे. फक्त ‘निळ्या प्रकाशाचा बंदोबस्त झाला, म्हणजे डोळ्यांचा झाला’ हे मनातून काढा. त्या समजुतीपायी तुमचं वर्ष गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मग कोणता चष्मा? इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

चाळिशीनंतर नंबर काढला की दुकानात साधारण दोन गोष्टी पुढं येतात, एक वाचायचा चष्मा आणि दुसरा प्रोग्रेसिव्ह. वाचायचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतराला धरून, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरला काढलेला असतो. स्क्रीन त्याहून वीतभर लांब असतो. तुमच्या वयात डोळ्यात थोडी लवचिकता शिल्लक असते, त्यामुळं भागून जातं. पण पन्नाशीनंतर वाचायच्या चष्म्यातून स्क्रीन धूसरच दिसतो आणि माणूस नकळत मान पुढं काढून बसतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वरच्या भागात लांबचं, खाली जवळचं आणि मध्ये एका अरुंद पट्ट्यात स्क्रीनच्या अंतराचं दिसतं. तो पट्टा पकडायला हनुवटी वर करावी लागते. दिवसभर हनुवटी वर धरून बसलेल्या माणसाची मान दुखणारच. चालता-फिरताना, बाजारात, गाडी चालवताना प्रोग्रेसिव्ह सोयीचा आहे, आठ तास एक्सेलच्या रकान्यांसाठी तो गैरसोयीचा आहे.

तुम्हाला हवा आहे तो कामाच्या अंतराचा चष्मा. त्यासाठी तपासणीला जाण्याआधी दोन मापं घ्या. नेहमीसारखं खुर्चीत बसा, टेकून, फोटोला बसल्यासारखं ताठ होऊ नका. मग सहकारी बाईंना टेपनं तुमच्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. दुसरं माप डोळ्यापासून टेबलावरच्या बिलापर्यंतचं. दोन्ही आकडे कागदावर लिहून घेऊन जा आणि ‘मला या अंतरांसाठी नंबर हवा’ असं सांगा. तुमच्या बाबतीत कदाचित असंही निघेल, की स्क्रीनसाठी अगदी किरकोळ नंबर पुरतो किंवा चष्मा काढूनही काम होतं. पण दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल किंवा सिलिंडरचा (डोळ्याची पुढची काच सगळीकडं सारखी गोल नसल्यामुळं लागणारा) नंबर निघाला असेल, तर नुसता चष्मा काढून भागणार नाही. म्हणून स्वतःच्या मनानं ठरवू नका. दोन अंतरं एकाच चष्म्यात हवी असतील तर दुकानात ‘ऑफिस लेन्स’ म्हणून मिळते. तिच्यात कागद आणि स्क्रीन दोन्ही ऐसपैस दिसतं, लांबचं दिसत नाही. ती घालून रस्त्यावर जायचं नाही. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे एकाच अंतराची साधी काच आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला वेगळा चष्मा. ऑफिससाठी चपलांचा वेगळा जोड ठेवणाऱ्या कितीतरी बायका मी बघते, चष्म्याचा वेगळा जोड मात्र कुणालाच सुचत नाही.

तीनचा आठ झाला त्याबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेतला आहे. तुमचं काम कसं चालतं ते जरा बघा. डावीकडं टेबलावर पडलेलं बिल, समोर उंचावर स्क्रीन. नजर खाली, वर, खाली, वर. दर एंट्रीला डोळ्याला अंतर बदलून पुन्हा नेम धरावा लागतो आणि कडक होत चाललेलं भिंग त्यासाठी दर वेळी थोडा जास्त वेळ घेतं. नेम धरला जाण्याआधी बोटं आकडा टाकून मोकळी होतात. म्हणजे चूक तुमच्या हुशारीत नव्हती, मांडणीत होती. कागद उभा धरणारा साधा स्टँड मिळतो. तो स्क्रीनला लागून, त्याच उंचीवर आणि त्याच अंतरावर ठेवा, म्हणजे नजर फक्त डावी-उजवी फिरेल. टॅली-एक्सेलमधली अक्षरं सव्वापट-दीडपट मोठी करा. एका वेळी कमी रकाने दिसतील, दिसू देत. पांढऱ्यावर काळी अक्षरं बहुतेकांना सोपी जातात. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं दिसायला थंड वाटतात, पण सिलिंडर नंबर असलेल्यांना त्यांच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात.

आता चुरचुरण्याकडे येते, कारण चष्मा कितीही अचूक मिळाला तरी वाळू खुपल्यासारखं वाटणं त्यानं जाणार नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडं एकटक बघताना ते पाच-सात वेळांवर येतं. त्यातल्याही बऱ्याचशा पापण्या अर्ध्याच मिटतात, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. दर वेळी पूर्ण मिटताना पापणी डोळ्यावर अश्रूंचा ताजा थर पसरते. तो थर नुसता पाण्याचा नसतो. आत डोळ्याला चिकटून बुळबुळीत द्रवाचा पापुद्रा, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ थर अशी त्याची रचना असते. ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं आणि पाण्याला उडून जाऊ देत नाही. पापणी मिटलीच नाही तर थर तुटतो, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. गंमत वाटेल, पण कोरड्या डोळ्यातून पाणीही वाहतं. चिडलेला डोळा भराभर पाणी सोडतो, पण त्यात तेल पुरेसं नसतं आणि ते गालावर ओघळून जातं. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं, मग ते कोरडे कसे?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

तुमच्या पत्रात याला हातभार लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. मानेसाठी कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही मॉनिटर दोन जाड फायलींवर चढवला आहे आणि एसीचा झोत सरळ तोंडावर येतो. स्क्रीन उंच असला की वर बघण्यासाठी डोळा सताड उघडावा लागतो आणि तेवढा जास्त भाग वाऱ्याला मिळतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, म्हणजे नजर अर्धवट झुकलेली राहते आणि पापणी डोळा झाकून धरते. त्या फायली काढा. मान चष्म्यामुळं दुखते आहे की खुर्चीमुळं, हे वेगळं तपासता येईल. झोताची दिशा बदलायला सांगा, नाही जमलं तर टेबल हलवा. टेबल हलवताच आहात तर खिडकी पाठीमागं किंवा समोर न येता बाजूला येईल असं बघा.

पापण्यांसाठी एवढंच करा. एखादं व्हाउचर सेव्ह केलं किंवा पोर्टलवर ते गोल फिरणारं चिन्ह आलं की डोळे हलकेच पूर्ण मिटा, दोन अंक मोजा, उघडा. जोरानं आवळू नका. जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी ते चिन्ह जितक्या वेळा फिरतं, तितक्या वेळा डोळ्यांना सुट्टी मिळेल. रात्री स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. घट्ट झालेलं तेल सैल होतं. काजळ घालायचं असेल तर पापणीच्या आतल्या कडेला भरू नका, त्या ग्रंथींची तोंडं तिथंच असतात.

आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा, हा नियम तुम्ही ऐकला असेलच. आकडे पाठ करायला सोपे म्हणून तो जगभर पसरला. सव्वीस मिनिटं झाली म्हणून काही बिघडत नाही. मूळ गोष्ट फार जुनी आहे. सन १७०० मध्ये इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात बारीक काम करणाऱ्या कारागिरांना त्यांनी सांगितलं होतं, की मान खाली घालून सतत हातातल्याच कामाकडं बघू नका, मधूनमधून नजर दुसरीकडं फिरवा. तेव्हा स्क्रीन नव्हते, वीजही नव्हती. जवळच्या एकाच अंतरावर तासन्तास खिळलेली नजर हेच तेव्हाही दुखण्याचं कारण होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या शेजारी तुम्हाला बसवलं, म्हणजे संगणकाची भीती थोडी उतरेल असं मला वाटतं.

लाली घालवणारे थेंब आजपासून बंद करा. ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात, असर संपला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. हे चक्र तुम्ही स्वतःच नोंदवलं आहे. याहून मोठी काळजी मला दुसऱ्या थेंबांची वाटते. ‘लगेच बरं वाटतं’ म्हणून दुकानातून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांमध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. स्क्रीननं डोळे गेल्याचं मी पाहिलेलं नाही, शेजाऱ्याच्या बाटलीतल्या थेंबांनी गेल्याचं पाहिलं आहे. वंगणाचे साधे थेंब, ज्यांना लोक ‘कृत्रिम अश्रू’ म्हणतात, ते चालतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा आणि बाटली फोडल्यावर वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीनंतर ठेवू नका. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, त्रिफळ्याचा काढा यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. घरचं असलं तरी ते निर्जंतुक नसतं.

व्यायामानं नंबर जाईल का, याचं उत्तर ‘नाही’. भिंग कडक होणं व्यायामानं उलटत नाही आणि उणे नंबर डोळ्याच्या लांबीमुळं असतो. एका तक्रारीत मात्र व्यायाम खरंच उपयोगी पडतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र आणताना काहींना त्रास होतो, ओळी दुहेरी दिसतात, अक्षरं सरकतात. तपासणीत हा दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तो व्यायाम नेमानं करावा. त्राटक तुमच्यासारख्या कोरड्या डोळ्यांनी सध्या करू नये, कारण त्यात पापणी न मिटणं हाच अभ्यास असतो. डोळ्यांसाठी म्हणून ओमेगा-३ च्या महागड्या गोळ्याही घेऊ नका. कोरड्या डोळ्यांवर त्यांची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. पापणी फडफडते म्हणून सासूबाईंनी शकुन सांगितला असं लिहिलंत. त्यांचं मन मोडू नका, पण तेवढ्या आठवड्यात झोप पुरी करा आणि चहाचे दोन कप कमी करा. थकवा, जागरण आणि जास्त चहा-कॉफी यांनी पापणी फडफडते आणि बहुधा आपोआप थांबते. अनेक आठवडे थांबली नाही किंवा चेहऱ्याचा भाग ओढला जाऊ लागला तरच दाखवा.

आता कामाचा प्रश्न. संगणकानं डोळे कायमचे जातील या भीतीवर तुम्ही हा निर्णय उभा केला आहे, आणि ती भीती खरी नाही. मोठ्या माणसाचे डोळे स्क्रीनमुळं थकतात, कोरडे पडतात, पण त्यानं नजर जात नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. वाढत्या वयात सतत जवळचं बघणं आणि घरातच बसून राहणं यांचा उणे नंबर वाढण्याशी संबंध आहे. दिवसातून दोन तास उघड्यावर घालवणाऱ्या मुलांना तो कमी लागतो. दहावीचं वर्ष असलं तरी तिला संध्याकाळी घराबाहेर काढा.

स्टोअर्समध्ये गेलात तर काय होईल? तिथंही माल उतरला की नोंद संगणकावरच होते, चलनांवरची अक्षरं बिलांहून बारीक असतात आणि चष्मा हाच राहिला तर कपाळही तसंच ठणकेल. जाईल ती वर्षानुवर्षं कमावलेली पकड, ज्यामुळं मालकांना जबाबदारी देण्यासाठी तुमचं नाव सुचलं. ‘डोळ्यांपेक्षा नोकरी मोठी नाही’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मायेचं आहे. पण डोळे आणि नोकरी यांतलं एक निवडायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाही. सगळी मांडणी बदलून, नवा चष्मा वापरूनही दोन-तीन महिन्यांत आराम पडला नाही आणि कामाचा कंटाळाही तितकाच खरा असेल, तर बदली मागण्यात कमीपणा नाही. आज मागाल तर ती भीतीपोटी मागितलेली असेल.

दुसरा रस्ता म्हणजे लपवणं, आणि वर्षभर तुम्ही तेच केलंत. वाचायचा चष्मा लावला तर ‘म्हातारी झाली’ म्हणतील, या धाकानं चाळिशीतल्या कितीतरी बायका आणि पुरुषही डोळे बारीक करून दिवस काढतात. कुजबुज तुमच्या चष्म्यामुळं सुरू झाली नाही, चुकलेल्या आकड्यामुळं झाली आणि आकडा योग्य चष्मा आणि मांडणी नसल्यामुळं चुकला. ज्या तरुण सहकाऱ्याला हसू येतं, त्यालाही काही वर्षांनी हेच भिंग मिळणार आहे. तुम्ही टेबलावर उघडपणे स्टँड आणि वेगळा चष्मा ठेवलात, तर तुमच्यामागून येणाऱ्यांना लपवावं लागणार नाही.

मालकांकडं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा: कागदाचा स्टँड, एसीचा झोत वळवणं, टेबलाची जागा आणि कामाच्या अंतराच्या चष्म्याचा खर्च. शेवटचं मागायला संकोच वाटेल. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनुसार स्क्रीनवर काम करणाऱ्यानं मागितली तर डोळ्यांची तपासणी मालकाला करून द्यावी लागते आणि खास त्या कामासाठी चष्मा लागत असेल तर त्याचा खर्चही उचलावा लागतो. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये रोमेनियातल्या एका कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरलं. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याला गॉगल मालकच देतात ना? अकाउंट्सच्या टेबलावर तुमचा चष्मा हेच कामाचं हत्यार आहे. ‘नाही’ म्हणाले तर स्वतः घ्या, पण विचारा जरूर.

तपासणी चष्म्याच्या दुकानात उरकू नका. तुमच्या आईंना मधुमेह आहे असं लिहिलंत. रक्तातली साखर वर-खाली झाली की नंबरही वर-खाली होतो, म्हणून साखर तपासून घ्या. नेत्रतज्ज्ञाकडं डोळ्याचा दाब बघून घ्या आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदाही. त्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲलर्जीच्या किंवा इतर काही गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांतल्या काहींनी डोळे कोरडे पडतात. पाळीत बदल सुरू झाले असतील तर तेही सांगा, या वयात त्याचाही डोळ्यांच्या कोरडेपणाशी संबंध असतो.

पंचविशी-तिशीतले जे वाचक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. लांबचं स्पष्ट दिसतं म्हणून नंबर नाही असं धरून चालू नका. थोडा अधिकचा, म्हणजे प्लसचा नंबर असलेला तरुण डोळा जोर लावून सगळं स्पष्ट दाखवतो आणि त्याचं मोल संध्याकाळी डोकेदुखीत चुकतं करतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना कोरडेपणा लवकर जाणवतो, दिवसभराच्या स्क्रीनच्या कामाला चष्मा बरा.

काही तक्रारी मात्र ‘थकवा असेल’ म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलायच्या नाहीत. डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळे ठिपके वाढणं, नजरेवर एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं. किंवा एक डोळा असह्य दुखून उलट्या होणं आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, २० तारीख असली तरी.

मालकांना या आठवड्यात ‘नाही’ कळवू नका. महिन्याभराची मुदत मागा. तेवढ्यात तपासणी होईल, चष्मा येईल आणि नव्या मांडणीत एका महिन्याचं रिटर्न भरून होईल. त्या रिटर्नच्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना बसची पाटी कशी दिसते ते बघा आणि मग उत्तर द्या. मलाही कळवा.